गेम नेमका कुठे अडतो

बुलढाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत घरातला पहिला कॉम्प्युटर आला, तो बहुतेक ठिकाणी एमएस-सीआयटीच्या निमित्तानं. हा कॉम्प्युटर कोर्स चालवणाऱ्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना २००१ साली झाली. पुढच्या काही वर्षांत मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकरला क्लास निघाले, नोकरीसाठी ते सर्टिफिकेट लागू लागलं आणि कापूस-सोयाबीनच्या पैशातून घरोघरी असेंबल केलेला पीसी आला. पेंटियम ४ नाही तर सेलेरॉन, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्डडिस्क, सतरा इंची जाडजूड मॉनिटर. वर्ड-एक्सेलचा सराव तासभर व्हायचा. उरलेला वेळ व्हाइस सिटी, रोड रॅश आणि आयजीआयचा. तोच पीसी पुढे धाकट्याकडे गेला, मग गावाकडच्या मामेभावाकडे. कित्येक घरांत तो आजही सुरू होतो. त्याच्या जोडीला आता मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी काढून टाकलेले ऑफिसचे पीसी अकोला, जळगावच्या बाजारातून इकडे येतात आणि पोरांच्या हाती पडतात.

अशा मशीनवर गेम चालला नाही की एकच उत्तर मिळतं: कॉम्प्युटर जुना झाला. हे निदान नव्हे. जुना झालेला पीसी नेमकं कशाला नकार देतो आहे, हे कळल्याशिवाय त्याच्यावर खर्च केलेला एक रुपयाही कारणी लागेल याची खात्री नसते. रॅम वाढवली, तरी गेम सुरू होत नाही. ग्राफिक कार्ड आणलं, तर ते लावायला जागाच नाही. नवी विंडोज टाकली, तर काल चालत होता तो गेमही बंद पडला. हे तिन्ही प्रकार मी जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली इतक्या वेळा पाहिले आहेत, की या प्रकरणाचा सगळा भर मी एकाच गोष्टीवर ठेवणार आहे: पैसे काढण्याआधी नकार कोण देतंय ते शोधायचं.

नकार देणारे मोजकेच असतात. गेमची स्वतःची फाइल, विंडोज, ग्राफिक चिप, प्रोसेसर आणि वीज-उष्णता. प्रत्येकाची नकार देण्याची रीत वेगळी असते.

दुकानात येणारा मुलगा सांगतो, "भाऊ, गेम चालूनच नाही राहिला." त्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: "स्क्रीनवर काय लिहून येऊन राहिलं?" उत्तर ठरलेलं असतं: "काहीतरी इंग्लिशमध्ये येते अन् बंद होते." ते काहीतरी इंग्लिश हेच सगळ्यात मोलाचं आहे. ते कागदावर अक्षरशः उतरवून घ्यायचं किंवा मोबाइलवर फोटो काढायचा. व्हाइस सिटी सुरू करताना '६४० बाय ४८० व्हिडिओ मोड सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश यायचा. वाचणाऱ्याला वाटे, मॉनिटर बिघडला. खरं तर ६४० बाय ४८० हा इतका साधा आकार आहे, की तो दाखवू न शकणारा मॉनिटर शोधूनही सापडणार नाही. हा संदेश येण्याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे ग्राफिक ड्रायव्हर टाकलेलाच नाही. पीसीला फॉरमॅट मारला, विंडोज एक्सपी टाकली आणि मदरबोर्डची ड्रायव्हर सीडी हरवली म्हणून तसाच परत दिला, की हे घडतं. ओळखायची खूण डोळ्यांसमोर असते: डेस्कटॉपवरचे आयकॉन मोठे आणि फताडे दिसतात, खिडकी सरकवली की मागे तिचा माग उमटत जातो.

अशा वेळी स्टार्टमधल्या रनमध्ये 'डीएक्सडायग' लिहून एंटर मारायचं. ही विंडोजसोबत फुकट येणारी तपासणी आहे आणि आपल्याकडे ती फारच कमी लोक उघडतात. तिच्या डिस्प्ले नावाच्या पानावर डाव्या बाजूला चिपचं नाव आणि मेमरी असते. चिपच्या जागी नाव न येता मोकळं किंवा 'नॉट अव्हेलेबल' दिसलं, तर ड्रायव्हर नाही. खाली डायरेक्टड्रॉ, डायरेक्ट थ्रीडी आणि एजीपी टेक्श्चर अशा तीन ओळी असतात. त्यांच्यासमोर 'एनेबल्ड' हवं. तिथे 'डिसेबल्ड' असेल, तर एक्सपीत बाजूच्या बटणानं चालू करायचं. एवढ्यावर सुटलेले गेम पुष्कळ आहेत आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

आता समजा चिपचं नाव नीट आलं: इंटेल ८२८४५जी. इथून खरी गोष्ट सुरू होते, कारण आपल्याकडच्या जुन्या पीसींची नव्वद टक्के दुखणी या इंटेलच्या बोर्डावरच्या चिपपाशी येऊन थांबतात असं मला वाटतं. ८४५जी ही २००२ ची आणि ८६५जी ही २००३ ची चिप. वेगळं कार्ड न घेता मॉनिटरवर चित्र यावं आणि पीसी स्वस्तात पडावा, यासाठी ती बनवली होती. तिच्याजवळ स्वतःची मेमरी नाही; ती मुख्य रॅममधून तुकडा उचलते. २५६ एमबीतून ६४ गेले की १९२ उरले, त्यातलं निम्मं एक्सपीच खातं. सॅन अँड्रियास हा गेम २००५ मध्ये पीसीवर आला तेव्हा त्याची किमान मागणीच २५६ एमबीची होती. म्हणून तो सुरू होई, पण गाडी वेगात पळवली की रस्ता गायब व्हायचा आणि कॅबिनेटवरचा हार्डडिस्कचा लाल दिवा जळतच राहायचा. हा दिवा लक्षात ठेवा. गेम अडखळताना तो सतत जळत असेल, तर रॅम अपुरी पडते आहे आणि विंडोज हार्डडिस्कवर उधारी करते आहे. इथे रॅम वाढवण्याचा पैसा खरोखर कामी येतो. दिवा शांत असूनही गेम अडखळत असेल, तर रॅम वाढवून काहीही होणार नाही.

पुढची चाचणी गेमच्या आतच करता येते. सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वरून ६४० बाय ४८० वर आणायचं. ठिपक्यांची संख्या अडीच पटीनं कमी होते. गेम एकदम हलका झाला, तर अडचण ग्राफिक चिपची होती. काहीच फरक पडला नाही, तर प्रोसेसर दमतो आहे, कारण त्याचं काम ठिपक्यांच्या संख्येवर अवलंबून नसतं. पाच मिनिटांच्या या चाचणीनं कितीतरी ग्राफिक कार्डांची खरेदी वाचते.

सावकाश चालणं वेगळं आणि मुळात सुरूच न होणं वेगळं. प्रिन्स ऑफ पर्शियाचा 'सँड्स ऑफ टाइम' हा २००३ चा गेम ८४५जीवर सुरूच होत नाही, तो काही मशीन हळू आहे म्हणून नव्हे. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवण्यासाठी गेम स्वतःचे छोटे प्रोग्राम चिपकडे पाठवतो. त्यांना पिक्सेल शेडर म्हणतात. ८४५ आणि ८६५ मालिकेतल्या चिपांना ते चालवताच येत नाहीत. ते येऊ लागलं २००४ च्या ९१५जी बोर्डापासून, आणि तिथेही त्रिकोणांची मांडणी करण्याचं काम प्रोसेसरवरच पडायचं. पुढे आपल्याकडे घरोघरी शिरलेला जी३१ बोर्डही याच घराण्यातला.

याच ठिकाणी पुष्कळांचे पैसे बुडाले. मशीनमध्ये ६४ एमबीचं कार्ड घातलं, गेमच्या डब्यावरही ६४ एमबीच लिहिलेलं होतं, तरी गेम नकार देतो. कार्ड होतं जीफोर्स ४ एमएक्स ४४०. नावात ४ असला, तरी त्याची घडण जीफोर्स २ च्या पिढीची होती आणि पिक्सेल शेडर त्यातही नव्हते. त्याआधी आलेलं जीफोर्स ३ मात्र तो गेम चालवायचं. तेव्हा कार्ड घेताना एमबी किती हे विचारण्याआधी ते कोणत्या पिढीचं आहे, कोणतं डायरेक्टएक्स आणि कोणतं शेडर मॉडेल हार्डवेअरमध्ये चालवतं, हे विचारायचं.

आणि त्याहीआधी झाकण उघडून बोर्डावर कार्ड बसवायची खाच आहे का ते पाहायचं. ८४५जीव्ही, ८६५जीव्ही असे शेवटी 'व्ही' असलेले चिपसेट स्वस्त बोर्डांवर बसवलेले असत आणि त्यांना ग्राफिक कार्ड लावायच्या एजीपी खाचेची सोयच नव्हती. दुकानदारानं अकोल्याहून कार्ड मागवलं, एसटीनं ते आलं, झाकण काढलं आणि बोर्डावर नुसत्या पांढऱ्या पीसीआय खाचा! २००४ नंतरच्या बोर्डांवर पीसीआय एक्स्प्रेसची लांब खाच येऊ लागली. त्यात एजीपी कार्ड बसत नाही आणि एजीपीत हे बसत नाही. ऑफिसमधून निघालेल्या अरुंद ऑप्टिप्लेक्ससारख्या पीसींत आणखी एक अडचण असते. खाच असते, पण कॅबिनेटची उंची कमी असल्यानं अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं, आणि पॉवर सप्लाय कंपनीच्या खास मापाचा, साधारण २४० वॅटचा असतो. अशा पीसीसाठी ज्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही असंच कार्ड शोधायचं. २०१७ चं जीटी १०३० हे त्यातलं एक, अवघ्या ३० वॅटचं.

कार्ड बसतच नसेल, तर चिपचं काम प्रोसेसरकडून करून घेणारी सॉफ्टवेअरं आहेत. ट्रान्सगेमिंग या कंपनीचं स्विफ्टशेडर त्यातलं नावाजलेलं. एक डीएलएल फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकली की गेमला वाटतं, शेडरवाली चिप मिळाली. गेम उघडतो, मेनू येतो, पोरं आनंदानं ओरडतात. पण पेंटियम ४ वर चित्र सेकंदाला मोजक्याच वेळा बदलतं आणि खेळणं अशक्य होतं. म्हणून मी याकडे इलाज म्हणून पाहत नाही, चाचणी म्हणून पाहतो: स्विफ्टशेडरनं गेम उघडला, तर उरलेलं सगळं ठीक आहे आणि नकार फक्त ग्राफिक चिपचा होता हे पक्कं होतं. ट्रान्सगेमिंगचं हे काम पुढे गूगलनं घेतलं आणि २०१६ मध्ये खुलं केलं. क्रोम ब्राउझरनंही ग्राफिक चिप नसलेल्या मशीनसाठी त्याचा वापर केला.

आता विंडोजकडे वळू. जुन्या पीसीवर नवी विंडोज टाकली की पीसी नवा होतो, हा समज फार नुकसान करतो. ग्राफिक चिपसाठी त्या विंडोजचा ड्रायव्हर कंपनीनं लिहिला असेल तरच चिप पूर्ण ताकदीनं चालते. ९१५जीच्या चिपसाठी व्हिस्टाच्या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर इंटेलनं कधी दिलाच नाही. तरीही ती चिप असलेले पीसी 'व्हिस्टा चालेल' अशा स्टिकरसह विकले गेले. त्यावरून २००७ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि कंपनीचे अंतर्गत ईमेल कोर्टात उघड झाले. मोठमोठ्या शहरांतल्या ग्राहकांची अशी फसगत झाली, तिथे आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला काय कळणार होतं? अशा पीसीवर विंडोज ७ किंवा १० चढवली, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपच्या नावाऐवजी विंडोजचा कामचलाऊ ड्रायव्हर दिसतो. टायपिंग होतं, पण थ्रीडी गेम सहसा उघडत नाहीत. आणि सुरुवातीच्या पेंटियम ४ वर तर विंडोज १० बसतच नाही, कारण तिला लागणारी एनएक्स नावाची सुरक्षेची सोय त्या प्रोसेसरमध्ये नाही. ज्या काळचं मशीन, त्या काळची विंडोज हा नियम गेमसाठी तरी पाळावाच.

३२ बिट आणि ६४ बिटचा घोळही इथेच. गेमच्या फाइलवर क्लिक केल्यावर 'हे वैध विन३२ अॅप्लिकेशन नाही' असा संदेश आला, तर दोन शक्यता: फाइल अर्धवट उतरली आहे, किंवा गेम ६४ बिटचा असून विंडोज ३२ बिटची आहे. २०१५ चा जीटीए ५ हा ६४ बिटशिवाय चालत नाही. ३२ बिट विंडोजला चार जीबीच्या वर रॅमही नीट वापरता येत नाही, त्यामुळे तिथे आठ जीबी घालणं वाया जातं. 'डी३डीएक्स९_४३ सापडत नाही' हा संदेश मात्र अगदी साधा आहे. डायरेक्टएक्स ९ च्या मदतनीस फाइली विंडोजसोबत येत नाहीत. मायक्रोसॉफ्टचा जून २०१० चा डायरेक्टएक्स संच टाकला की सगळ्या एकदम येतात. त्या नावाची एकेक डीएलएल कुठून तरी आणून सिस्टिम फोल्डरमध्ये टाकत बसू नये. व्हायरस बहुधा तिथूनच आत येतो.

आता घाटाखालच्या उन्हाबद्दल.

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे, तिथली हवा बरी. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद हा घाटाखालचा, पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट भाग. मे महिन्यात इथे पारा ४४ च्या वर जातो. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतलीच हवा वापरतो. खोलीच तापली असेल, तर त्यानं काय थंड करायचं? त्यात पेंटियम ४ ची प्रेस्कॉट ही २००४ ची आवृत्ती उष्णतेसाठी कुप्रसिद्ध. तिचे काही नमुने ११५ वॅटपर्यंत जातात. जास्त तापला की हा प्रोसेसर जळू नये म्हणून आपोआप मधेमधे थांबून काम करतो. विंडोज काहीच सांगत नाही, संदेश येत नाही. गेम मात्र एकाएकी जड होतो. या बिघाडाची खूण वेळेत असते: गेम पहिली दहा-पंधरा मिनिटं छान चालतो, मग अडखळतो, सकाळी चालतो, दुपारी चालत नाही, दिवाळीत चालतो, उन्हाळ्याच्या सुटीत चालत नाही. असा पीसी पाहिला की गेमच्या सेटिंगला हातही लावायचा नाही. तासभर खेळून लगेच रीस्टार्ट करायचा, बायोसमधलं 'पीसी हेल्थ' किंवा 'हार्डवेअर मॉनिटर' पान उघडायचं आणि प्रोसेसरचं तापमान पाहायचं.

झाकण काढल्यावर काय दिसतं ते खामगावकडच्या कुणालाही सांगायला नको. कापसाची मोठी बाजारपेठ, आजूबाजूला जिनिंग-प्रेसिंग. हवेत बारीक रुई असतेच. पंख्याच्या खाली अॅल्युमिनियमच्या पात्यांवर ती धुळीबरोबर बसते आणि तिचा राखाडी थर जमतो, बोटानं सोललं तर कापडासारखा अख्खा निघेल इतका घट्ट. पंखा वरून पूर्ण वेगानं फिरत असतो, आवाजही करतो, पण हवा पात्यांपर्यंत पोहोचतच नाही. नुसत्या वरवरच्या ब्लोअरनं हा थर निघत नाही. पंख्याचे चार स्क्रू काढून, पंखा बाजूला घेऊन मऊ ब्रशनं पाती साफ करावी लागतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाही तर तो भरमसाट वेगानं फिरून त्याची बेअरिंग जाते.

त्या पात्यांचा ठोकळा म्हणजे हीटसिंक काढायची वेळ आली, तर सॉकेट ४७८ च्या पेंटियम ४ बाबत फार जपायचं. जुनी पेस्ट सुकून सिमेंट झालेली असते. सरळ वर ओढलं, तर सॉकेटचा लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर हीटसिंकला चिकटून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करायचा, बंद करून वायर काढायची, क्लिप सोडवायच्या आणि हीटसिंक हलक्या हातानं डावीकडे-उजवीकडे पिळत सैल करायचा. पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं, मगच उचलायचा. त्यानंतरच्या सॉकेट ७७५ मध्ये पिना बोर्डावर असतात, तिथे ही भीती नाही. पण त्याचा हीटसिंक चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो आणि त्यातली एखादी नीट आत गेलेली नसते. एक कोपरा उचललेला राहिला, तरी प्रोसेसर तापतो. चारही खुंट्या बोर्डाच्या मागून दिसायला हव्यात.

विजेचा बिघाड याहून वेगळा ओळखू येतो. गेम सुरू होऊन थ्रीडी चित्र यायच्या क्षणीच पीसी रीस्टार्ट झाला, तर आधी एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर, संशय घ्यायचा. त्या क्षणी ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही एकदम वीज ओढतात. स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं, पण तेवढं तो देईलच असं नाही. २००५ नंतरची लोडशेडिंगची वर्षं ज्या पीसींनी काढली, त्यांचे एसएमपीएस तर विशेष तपासावेत. वीज परत येतानाचा झटका रोज सोसून ते आतून थकलेले असतात. बोर्डावरचे कपॅसिटरही पाहायचे. त्या काळात जगभर खराब कपॅसिटरांचे साठे बाजारात आले होते आणि नामांकित कंपन्यांचे बोर्डही त्यात सापडले. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं. फुगलेलं किंवा तपकिरी खरपुडी आलेलं असेल, तर तो गेला. यासाठी नवा बोर्ड लागत नाही. गावातला टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर त्याच मापाचे, १०५ अंशांचे कपॅसिटर बदलून देऊ शकतो. स्क्रीनवर रंगीत रेघा, चौकोन उमटत असतील, तर मात्र ग्राफिक कार्डाची मेमरी गेली असं समजावं. निळी स्क्रीन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या संदेशांसह येत असेल, तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसून, कण झटकून परत बसवायची. आपल्याकडच्या प्रत्येक दुकानात हा उपाय चालतो आणि तो बरोबर आहे, कारण दमट हवा आणि धुळीनं तिथला संपर्क खराब होतो.

आतापर्यंत मशीनला गेम जड होत होता. उलट प्रकारही तेवढाच त्रासदायक आहे: गेम जुना, मशीन त्याहून नवं.

डॉसच्या काळातले पुष्कळ गेम आपला वेग प्रोसेसरच्या वेगावरून ठरवत. प्रोसेसर दहापट झाला की खेळातला माणूसही दहापट पळू लागे. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले प्रोग्राम तर पेंटियम २ च्या सुमारास 'रनटाइम एरर २००' देऊन बंदच पडू लागले. सुरुवातीला ते प्रोसेसरचा वेग मोजत. उत्तर ठेवलेल्या जागेत मावेनासं झालं आणि भागाकार कोसळला. या सगळ्यावर डॉसबॉक्स हा नीट इलाज आहे. २००२ पासून फुकट मिळणारा हा प्रोग्राम विंडोजच्या आत जुना डॉसचा पीसी उभा करतो, साउंड ब्लास्टर कार्डासकट. वेग कमी-जास्त करायला कंट्रोलसोबत एफ११ आणि एफ१२ दाबायचं. डेंजरस डेव्ह, पहिला प्रिन्स ऑफ पर्शिया हे गेम त्यात अगदी मूळच्या चालीनं चालतात.

एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग विंडोज ७ वर टाकला की गवत जांभळं आणि पाणी गुलाबी झालेलं दिसायचं. या पिढीचे गेम एका वेळी फक्त २५६ रंग वापरत. ते २५६ कोणते, हे प्रत्येक प्रोग्राम ठरवू शकतो. रंगपेटी एकच आणि ज्याच्या हाती ती गेली त्यानं तिच्यातले खडू बदलले, असा तो प्रकार. विंडोज ७ मध्ये डेस्कटॉप सांभाळणारा एक्सप्लोरर मधेच ही पेटी हाती घेतो. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करायचा, तिथल्याच 'न्यू टास्क'मधून गेम सुरू करायचा आणि खेळून झालं की एक्सप्लोरर परत चालू करायचा. रंग जागच्या जागी येतात.

दोन कोअरचे प्रोसेसर आले तेव्हा काही गेम झटके देऊ लागले, कधी वेगात तर कधी थांबत. दोन्ही कोअरची घड्याळं जुळत नव्हती आणि गेम दोन्हींकडे बघून वेळ मोजत होता. टास्क मॅनेजरमध्ये त्या गेमची अॅफिनिटी एकाच कोअरवर ठेवली की झटके थांबतात. सॅन अँड्रियासमध्ये फ्रेम लिमिटर बंद केला, तर पोहणं आणि गाडी मागे घेणं बिघडतं. तो चालूच ठेवावा. गेम सेव्ह होत नसेल, तर तो प्रोग्राम फाइल्सऐवजी डी ड्राइव्हवर टाकून पाहावा, कारण व्हिस्टापासून त्या फोल्डरमध्ये लिहायला विंडोज मोकळीक देत नाही. नेटवर्कवर खेळायचा जुना गेम 'डायरेक्टप्ले' मागत असेल, तर विंडोज १० च्या फीचर्सच्या यादीत 'लेगसी कंपोनंट्स'खाली तो चालू करता येतो.

एका बिघाडाचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यात प्रामाणिक माणूस अडकतो. २००० च्या दशकात ज्यांनी दुकानातून खरी सीडी विकत घेतली, त्यांच्या पुष्कळ गेमवर सेफडिस्क नावाचं कुलूप होतं. ते उघडायला विंडोजमधला एक ड्रायव्हर लागायचा. त्यातून सुरक्षेला धोका आहे म्हणून मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये तो विंडोज १० मध्ये दिलाच नाही आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटनं विंडोज ७ व ८ वरही बंद केला. सीडी चांगली, मशीन चांगलं, तरी गेम उघडत नाही. क्रॅक केलेली फाइल टाका, असा सल्ला ताबडतोब मिळतो. मी तो देत नाही. पेनड्राइव्हवर फोल्डरचं चित्र लावून फिरणाऱ्या ईएक्सई फाइलींनी आपल्याकडच्या किती क्लासेसची मशिनं खाल्ली, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला कारण सांगावं लागू नये. अशा सीडीसाठी घरातला जुना एक्सपीचा पीसीच सर्वांत चांगला. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेचे नियमित अपडेट मिळत नाहीत, म्हणून त्याची इंटरनेटची वायर काढून ठेवायची, त्यावर बँकेचं काम करायचं नाही, आणि मग तो फक्त त्याच्या काळातल्या गेमसाठी निर्धास्त वापरायचा. सीडी नसेल, तर यातले बरेच गेम जीओजीसारख्या साइटवर नव्या विंडोजसाठी दुरुस्त करून, कुलूप काढून कायदेशीर विकले जातात; सवलतीच्या दिवसांत ते रॅमच्या एका जुन्या पट्टीहून स्वस्त पडतात.

प्रोसेसरचा नकार मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यावर उपाय नाही. नव्या गेमना प्रोसेसरमधल्या काही विशिष्ट सूचना लागतात. एसएसई ४.१ हा अशा सूचनांचा संच लागणारा गेम ६५ नॅनोमीटरच्या कोअर २ ड्युओवर उघडत नाही. त्याच घराण्यातल्या ४५ नॅनोमीटरच्या ई७००० किंवा ई८००० वर उघडतो. २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' एएमडीच्या फिनॉम २ वर याच कारणानं सुरू होत नव्हता आणि शेवटी तो गेम बनवणाऱ्यांनाच दुरुस्त करावा लागला. २०१४ चा 'फार क्राय ४' दोन कोअरच्या प्रोसेसरवर नुसती काळी स्क्रीन दाखवायचा. सीपीयू-झेड हा लहानसा फुकट प्रोग्राम चालवला की 'इन्स्ट्रक्शन्स' या ओळीत आपल्या प्रोसेसरला काय येतं ते दिसतं. गेमला लागणारं तिथे नसेल, तर त्या मशीनचा नाद सोडायचा आणि तेच पैसे पुढच्या पीसीसाठी बाजूला ठेवायचे.

पीसी कुणाकडेही फॉरमॅटला देण्याआधी दोन कामं घरी करून ठेवा. डीएक्सडायगमध्ये 'सेव्ह ऑल इन्फर्मेशन' हे बटण असतं. ते दाबून सगळी माहिती एका टेक्स्ट फाइलमध्ये साठवा आणि ती पेनड्राइव्हवर घ्या. झाकण उघडून मदरबोर्डवर छापलेला मॉडेल नंबर वाचा, तो मार्करनं कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लिहा आणि त्या नंबरचे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर अजून आहेत तोवर उतरवून त्याच पेनड्राइव्हवर ठेवा. जुन्या बोर्डांची पानं कंपन्या एकेक करून काढून टाकत आहेत. इंटेलनं आपल्या जुन्या बोर्डांचे बायोस आणि ड्रायव्हर २०१९ मध्ये काढायला सुरुवात केली.